पिवळ्या बाटलीतला जीव

मला राग आला की मी विनोदी दिसतो, असं आमच्या घरात सर्वमान्य मत आहे. आवाज बारीक होतो, चष्मा घसरतो आणि ऐन मोक्याच्या वाक्याला शिंक येते. बायको म्हणते, "तुम्ही चिडलात की शाळेच्या गॅदरिंगमधल्या राजासारखे दिसता, मिशी एका बाजूनं सुटलेली." त्यामुळे माझ्या रागाचा आजवर कुणावर काही परिणाम झालेला नाही. उलट पोरं खुर्च्या ओढून ऐकायला बसतात. तरीही हा एक राग मी लिहून काढणार आहे, कारण वर्ष उलटलं तरी तो उतरलेला नाही.

राग एका शब्दावर आहे. व्हिटॅमिन.

मी वाशीमला एका शाळेत इंग्रजी शिकवतो. शब्द कुठून आला, त्याचे आईबाप कोण, भाऊबंद कुठे नांदतात, हे हुडकत बसायची मला खोड आहे. लग्नाच्या पंगतीत लोक बुंदीची वाट बघत असतात आणि मी त्यांना 'टेबल'चं मूळ सांगत असतो. भाचे मंडळी मला लांबून पाहिलं की "डिक्शनरी आली रे" म्हणून पांगतात. 'व्हिटॅमिन' हा माझा हुकमी शब्द होता. कुठल्याही आजाऱ्याला भेटायला गेलो की उशाशी गोळ्यांचं पाकीट असायचंच, आणि पाकीट दिसलं की मी सुरू.

गोष्ट खरंच चांगली आहे. शंभराहून थोडी जास्त वर्षं झाली असतील. पूर्वेकडच्या देशांत गिरणीतून काढलेला पांढराशुभ्र तांदूळ खाणाऱ्यांना एक रोग व्हायचा. पाय लुळे पडायचे, हृदय थकायचं, माणूस जायचा. कुणाच्या तरी लक्षात आलं की तांदळाचा कोंडा खाऊ घातला की हाच रोग हटतो. म्हणजे आपण पाखडून फेकतो त्यातच काहीतरी होतं. एका शास्त्रज्ञानं ते शोधायला घेतलं. त्याला वाटलं, हा 'अमाईन' जातीचा पदार्थ आहे आणि याच्यावाचून प्राणी जगत नाही. म्हणून त्यानं लॅटिनमधला 'वीता' हा शब्द पुढे जोडला. वीता म्हणजे जीवन. वीता अधिक अमाईन, झालं व्हिटामाईन. पुढे कळलं की असे बरेच पदार्थ आहेत आणि सगळे काही अमाईन नाहीत. मग इंग्रजीत शेवटचं एक अक्षर छाटलं. पुढचा जीव मात्र तसाच राहिला. आणि माझा आवडता भाग तर पुढेच होता. या 'वीता'चा सख्खा भाऊ लॅटिनमध्ये 'वीवुस', म्हणजे जिवंत. भाषेचे जाणकार सांगतात की तो वीवुस आणि आपला 'जीव' एकाच आजोबाची नातवंडं. एक तिकडे गेलं, एक आपल्याकडे राहिलं. हे सांगून झालं की मी चष्मा वर सरकवून लोकांच्या तोंडाकडे बघायचो.

आता बघत नाही. आता तो शब्द ऐकला की कानशिलं तापतात.

आमच्या भागात सोयाबीन पिवळं पडायला लागलं की बाया 'पिवळी' लावून घेतात. हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. साध्या सलाईनच्या बाटलीत डॉक्टर व्हिटॅमिनचं इंजेक्शन सोडतो आणि पाणी पिवळंधमक होतं. ही ताकतीची बाटली. पांढऱ्या बाटलीला मान नाही, ती आजारी माणसाची. पिवळी धडधाकट बाईला लावायची, कारण पुढे दिवसेंदिवस कमरेत वाकून सोयाबीन सोंगायचं, म्हणजे विळ्यानं कापायचं, असतं. सोंगणीच्या आधी विळे लोहाराकडून पाजवून आणतात, तशाच बायाही पाजवून आणतात. यात प्रतिष्ठाही आहे. नवरा बायकोला पिवळी लावून आणतो तो नवरा चांगला. माहेरी आलेल्या बहिणीला भाऊ लुगडं घेतो आणि वर पिवळीही लावतो, तो भाऊ चांगला. बाटली टांगलेली असताना शेजारपाजार बिस्किटाचा पुडा घेऊन भेटून जातो. लोकांना ती टांगलेली दिसली पाहिजे. गोळी कुणाला दिसते?

मागच्या भादव्यात मी बहिणीकडे गेलो होतो. ती माझ्यापेक्षा मोठी, पन्नाशीच्या अलीकडची. आम्ही तिला बाई म्हणतो. तिचं गाव कामरगावच्या बाजूला. स्वतःची शेती थोडकी, म्हणून ती बायांची टोळी घेऊन सोंगणीचा गुत्ता करते, म्हणजे अख्खं वावर ठरवून घ्यायचं आणि टोळीनं साफ करून द्यायचं. टोळीची मुकादम तीच. घराला कुलूप होतं. समोरच्या विहाराच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यानं सांगितलं, "जयभीम मास्तर. बाई पिवळी लावाले गेली. साऱ्याच गेल्या."

दवाखाना म्हणजे शटरची एक खोली. आत गेलो तर लग्नघर. दोन खाटांवर दोघीदोघी उलटसुलट निजलेल्या, बाकावर तिघी, खाली सतरंजीवर आणखी. भिंतीच्या खिळ्यांना, खिडकीच्या गजांना पिवळ्या बाटल्या लटकलेल्या. एका हाताला सुई, दुसऱ्या हातानं टाळ्या देऊन हसणं चालू.

"या मास्तरभाऊ," बाईची धाकटी जाऊ ओरडली. टोळीतला सगळ्यात मोठा आवाज तिचा, आणि अंगानंही तीच भरलेली. "तुमाले बी लावू का एक? पोट्ट्याईवर वरडून वरडून थकले असान!"

"तो कायले लावते," दुसरी म्हणाली. "भाऊ असून बहिनीले कदी एक पिवळी लावली नाई त्यानं. मोठा नोकरीवाला!"

खोली हसली. बाईही हसली, पण आवाज न काढता, जणू आवाज काढायला लागणारी हवा तिनं राखून ठेवली होती. मी तिच्याजवळ बसलो. चेहरा धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा. ओठ आणि कातडी यांत फरकच उरला नव्हता. आणि ती काहीतरी चघळत होती. पदराच्या गाठीत रेशनचे कच्चे तांदूळ बांधलेले, त्यातले चार चार दाणे तोंडात टाकायची.

"हे काय खातेस?"

"सवय लागली, बापू. बरं वाटते."

"थे पायलीभर खाते दिवसाची," जाऊ म्हणाली. "कोंबड्या उपाशी ठेवते, स्वतः खाते."

पुन्हा हशा. आणि मी काय केलं असेल? मी 'वीता' सांगितलं. पांढरा तांदूळ, कोंडा, शास्त्रज्ञ, सगळं. बायांनी ऐकून घेतलं. हाताला सुई असल्यामुळे पांगता येत नव्हतं. शेवटी मी म्हणालो की या बाटलीवर जो शब्द आहे त्याचा अर्थच मुळी जीव.

बाई म्हणाली, "मंग कोनाचा जीव काहाडून भरला हो त्याच्यात?"

मी तिच्या हाताची नखं बघत होतो. चपटी पडली होती, कडा वर उचललेल्या. असली नखं मी एकदा बायकोच्या मावशीची पाहिली होती, आणि त्या मावशीला रक्त द्यावं लागलं होतं.

बाटली संपल्यावर आम्ही घराकडे निघालो. दवाखान्यापासून घर किती, हाक मारली तर ऐकू यावी इतकं. बाई वाटेत दोनदा थांबली. पहिल्यांदा चप्पल नीट करायला. दुसऱ्यांदा तिला निमित्तही सापडलं नाही, नुसती विजेच्या खांबाला हात लावून उभी राहिली. मी म्हणालो, "बाई, उद्या माझ्याबरोबर वाशीमला चल. रक्त तपासू."

"सोंगनी झाली का येतो. पर्वापासून मालकाच्या वावरात सुरू करतो म्हनून मी जबान देली. माह्या भरोशावर साऱ्या थांबल्या."

मी परत दवाखान्यात गेलो. डॉक्टर वाईट माणूस नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. वाईट असता तर सोपं गेलं असतं. म्हणाला, "सर, मला कळत नाही का? मी म्हणतो तपासणी करा, रक्तवाढीच्या गोळ्या घ्या. गोळीनं शौचाला काळी होते, पोट दुखतं, चार दिवसांनी बंद करतात. मी बाटली नाही लावली तर पुढच्या गावात जाऊन लावतात. मग मी काय शटर ओढून घेऊ?"

"पण त्या बाटलीत रक्त वाढवणारं काही आहे का?"

"नाही."

"मग?"

"दोन दिवस बरं वाटतं त्यांना. आडवं पडायला मिळतं ना, सर. एरवी कुठे पडतात?"

हे त्यानं अगदी सहज सांगितलं. बाहेर आलो तेव्हा मला जीवनाचा लॅटिन अर्थ पाठ होता आणि बाकी काही कळत नव्हतं. माणसानं नाव काय दिलं आणि आपण विकतो काय! दुपारी घटकाभर पाठ टेकायला मिळावी म्हणून बाईला हातात सुई खुपसून घ्यावी लागते, आणि त्या सुईला आम्ही जीव म्हणतो.

संध्याकाळी ओट्यावर भाऊजींशी, म्हणजे बाईच्या नवऱ्याशी, वाजलं. माणूस कष्टाळू, दारू पीत नाही, बायकोवर हात उचलत नाही. आमच्याकडे एवढ्यावर माणसाचं सोनं ठरतं.

"पाव्हने, तुमी नोकरीवाले, तुमाले तपासन्या सुचते," ते म्हणाले. "मी दर साली तिले पिवळी लावतो. मांगल्या साली दोन लावल्या. इचारा तिले, कदी नाई म्हनलं का मी?"

"भाऊजी, ती खांबाला धरून चालते."

"वय झालं. माहेबी घुडगे दुखते."

मी बोलायला लागलो. ज्वारी, तूर आणि मधल्या ओळीतली अंबाडी जाऊन वावराच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सोयाबीन कसं आलं, ते ट्रॉलीत बसून शेलूबाजारला कसं जातं आणि घरात रेशनचा भात तेवढा कसा उरतो, आणि त्यातलाही बाईच्या ताटात तळचा कसा येतो. खूप चांगलं बोलत होतो. 'तळचा' म्हणताना शिंक आली. भाऊजी हसले, भाची हसली, चुलीपाशी बसलेली बाईसुद्धा हसली आणि म्हणाली, "जेवून घे बापू, थंडं होते." मी जेवलो. तिच्या आधी. सगळे पुरुष जेवतात तसंच.

दुसऱ्या दिवशी मी वाशीमला परत आलो. बाई आली नाही.

सोंगणी सुरू झाल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी शाळेत फोन आला. जाऊ बोलत होती, आणि मोठ्यानं बोलत नव्हती, यावरूनच मी समजलो. बाई धुऱ्यावर पाणी प्यायला बसली आणि उठलीच नाही. आणि मग त्यांनी काय केलं? उचलून नेलं आणि पिवळी लावली. दुसरं काही सुचलंच नाही कुणाला. भाऊजींनी सांगितलं, "डाक्टर, दोन लावा, एकानं भागनार नाई." पहिली अर्धी आत गेली आणि बाईला श्वास पुरेना. ती उठून बसली, तोंड उघडं, हात हवेत. तेव्हा डॉक्टरनं सुई ओढून काढली, स्वतः जीप आणली, स्वतः पाठीमागे बसला आणि वाशीमला घेऊन आला. हे त्याच्या बाजूनं लिहायला हवं म्हणून लिहितो. राग कमी करून नाही.

जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या बाई डॉक्टर वयानं माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. ऑक्सिजनची नळी लावून झाल्यावर त्यांनी आम्हाला बाहेर बोलावलं. "रक्त साडेचारवर आलंय, हवं बारा. अंगात रक्त म्हणून जे आहे ते रंगीत पाणी आहे, आणि त्यात तुम्ही आणखी पाणी भरलंत. हृदयानं ते ढकलायचं कुठे? फुप्फुसात उतरलं. थोडा वेळ गेला असता तर मी तुमच्याशी हे बोलत नसते."

भाऊजी म्हणाले, "म्याडम, ताकतीचंच लावलं होतं वो."

डॉक्टरबाईंनी हातातला कागद पाहिला. मग म्हणाल्या, "दोन वर्षांपासून त्यांच्या अंगावरून जास्त जातंय. पंधरा-पंधरा दिवस. तुम्हाला माहीत होतं?"

भाऊजींनी मान खाली घातली. मला माहीत नव्हतं. मला लॅटिन माहीत होतं. कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हीसुद्धा रक्त कमी झाल्याची खूण असते, हे त्याच डॉक्टरबाईंनी सांगितलं. वर्षभर सारं गाव त्यावर हसत होतं.

रक्ताच्या दोन पिशव्या लगेच लावल्या. रक्तपेढीवाल्यांनी सांगितलं, बदल्यात दोन माणसं आणा, गट कोणताही चालेल, पुढच्या आजाऱ्याला लागतं. मी गावात फोन केला. भाऊजींचे दोन भाऊ आणि आणखी चौघे मोटारसायकलींवर आले. आणि त्यांच्या मागून जीप आली. जीपमध्ये टोळी. वावरातून तशाच आलेल्या, डोक्याला रुमाल, लुगड्यांना सोयाबीनची कुसं.

"कोनाचं पायजे? साऱ्याईचं घ्या," जाऊ दारातूनच म्हणाली. "मुकादमीन हाय आमची."

रक्तपेढीतली मुलगी म्हणाली, "आधी तपासावं लागतं, मावशी." तिच्यापुढे काचेचं एक छोटं भांडं, त्यात निळं पाणी.

"हे त मोरचूद हाय," जाऊनं ओळखलं. "फवाऱ्यात टाकते थे."

"हो, तेच. बोटातला एक थेंब यात सोडायचा. रक्त चांगलं असेल तर थेंब तळाला जातो."

जाऊनं पहिल्यांदा बोट पुढे केलं. मुलीनं टोचलं. थेंब निळ्या पाण्यात पडला, जरासा खाली गेला, थांबला आणि वर आला. लालसर मण्यासारखा वरच तरंगत राहिला.

"नाही चालणार, मावशी."

"काहून? पुन्हा टाका. माह्यं अंग पाहा!"

दुसरा टाकला. तोही वर आला. मग दुसरी बाई, मग तिसरी. एकीचा अर्ध्यावर घुटमळला, आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो, आणि तोही वर निघाला. सगळ्यांचे थेंब वर. अख्ख्या टोळीत एक बाई अशी निघाली नाही, जिला आपल्या मुकादमिणीच्या बदल्यात रक्त देता येईल. आठवडाभरापूर्वीच सगळ्यांना ताकत भरली होती. पिवळी. जीवनाची.

जाऊ आपल्या बोटाकडे बघत म्हणाली, "मंग आमी चालतो कायच्या भरोशावर?"

त्या मुलीनं भांड्यातलं पाणी बदललं.

मी बोट दिलं. माझा थेंब दगडासारखा तळाला गेला. पंचवीस वर्षं खुर्चीत बसून 'टेबल'चं मूळ सांगणाऱ्या माणसाचा थेंब! मला त्या थेंबाची लाज वाटली. ते रक्त नक्की कुणाच्या ताटातलं होतं, हे मोजायला कुठलंही निळं पाणी पुरलं नसतं. मग मी बाहेर गेलो. बाहेर झाडाखाली पुरुष उभे होते.

"आता तुम्ही या."

"मास्तर, माह्यी कंबर धरते," एक म्हणाला.

"मले फवारनीले जा लागते. रक्त काहाडलं तर चक्कर ईन."

"बायाईचं नाई का घेत थे? इतल्या आल्या न."

इथे मी ओरडलो. आवाज बारीकच निघाला असणार, कारण पानठेल्यावरचा माणूस वळून हसला. मी म्हणालो, त्यांच्यात नाही! त्यांच्यात उरलेलंच नाही! सहा पुरुष उभे आहात आणि आत एक बाई तुमच्यासाठी वाकून वाकून पाणी झाली आहे! ती खांबाला धरून चालते तेव्हा तुमच्या कंबरा कुठे असतात? आणखीही काय काय म्हणालो. त्यातलं एक वाक्य इंग्रजी होतं, असं नंतर जाऊनं सांगितलं.

कुणी हललं नाही. मग भाऊजी, जे सगळ्यांच्या मागे पायऱ्यांवर बसले होते, ते उठले आणि कुणाकडे न बघता आत गेले. त्यांचा थेंब इतक्या वेगानं बुडाला की ती मुलगी म्हणाली, "वा, काका." भाऊजींनी तो थेंब पाहिला. वर तरंगलेल्या थेंबांच्या गोष्टी दारात उभ्या बायांकडून त्यांनी ऐकल्या होत्या. ते खुर्चीवर बसले, बाही वर केली आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागले. मी बाजूच्या खाटेवर होतो. पिशवी भरत आली तेव्हा मला घेरी आली आणि माझे पाय वर उचलून धरायला तिघी बाया लागल्या. ज्यांचं रक्त चाललं नाही, त्यांनीच.

बाई वाचली. आठवड्यानं मी तिला गावी सोडायला गेलो. गोळ्या होत्या, पुढच्या महिन्यात गर्भपिशवीच्या आजाराचं ऑपरेशन ठरलं होतं आणि वाकायचं नाही अशी ताकीद होती. घरी पोचतो तोच टोळी ओट्यावर जमली, आणि त्यांच्या मागोमाग मोटारसायकलवर मालक. ज्याच्या वावरात ती पडली, तो. सोंगणी अर्ध्यावर राहिली होती. मजूर सगळीकडे अडकलेले, दुसरी टोळी मिळाली नव्हती.

"कसं वाटून राह्यलं बाई?" त्यानं रीतीप्रमाणे विचारलं. मग म्हणाला, "तू नोको येऊ. तू आराम कर. पन या बायाईले उद्यापासून पाठव. शेंगा तडकून राह्यल्या."

बाई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "उद्या नाई."

"काहून?"

"उद्या साऱ्याजनी रक्त तपासाले जातात. कोनाचं किती हाय, कोनाले काय लागते, थे कागदावर लिहून आनतात. मंग वावर."

"अवं, आभाळ पाह्यलं का? एक पानी आलं त सारं वावरात सांडन. तपासनी काय पळून जाते?"

"मीबी तसंच म्हनलं होतं," बाई म्हणाली.

मालकानं भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी गोठ्याकडे बघत राहिले. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमी शिकले-सवरलेले. समजवा इले. नाईतर मले मशीन बलवा लागन."

मी तोंड उघडलं होतं. बाईनं हातानंच मला थांबवलं.

"बलवा न मशीन. वावर ओलं हाय, फसन थे. आन फसली का वडाले बी याच बाया बलवान तुमी." तिला दम लागला. तिनं दम घेतला, घाई केली नाही. मालकालाही थांबावं लागलं. "पर्वा येतात. ज्याईले डाक्टर हाव म्हनन त्याच येतात. जिले नाई म्हनन थे नाई येत. आन दुपारी जेवाले टाईम लागन, सावलीत बसून. आदीच सांगतो."

"हे तुले कोनं शिकवलं?" मालकानं माझ्याकडे रोखून पाहत विचारलं.

"मास्तरनं नाई शिकवलं. थो नुसता शब्द सांगते," जाऊ म्हणाली, आणि बाया हसल्या.

मालकानं गाडीला किक मारली, पहिल्यांदा ती लागली नाही, दुसऱ्यांदा लागली. जाताना तो काहीतरी बोलला, ते गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. बाया एकमेकींकडे बघत होत्या. एक हळूच म्हणाली, "वावर दुसऱ्याले देलं त?"

"देऊ दे," बाई म्हणाली.

"खरंच देलं त?"

बाईलाही माहीत नव्हतं, ते सगळ्यांना दिसत होतं. ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "जीपवाल्याले सांगून या. सकाळी पायजे." भाऊजी चपला घालून निघाले. बाया पदर खोचून उठायला लागल्या, तशी तिनं मागून हाक मारली.

"आन आयका. उपाशीपोटी नोका येऊ कोनी. सकाळी भाकर टाकली का आदी स्वतः खाजा. मंग बाकीच्याईले वाढजा."

एक जण थबकली. "सासऱ्याच्या आदी?"

"हाव," बाई म्हणाली. "सासऱ्याच्या आदी."